पानांआडचा तपकिरी पक्षी: चिमणी, भारीट की फिंच?

प्रश्न : डिसेंबरातल्या एका सकाळी उंच झाडावर टिपलेला फोटो पाठवतो आहे. डोकं, छातीचा वरचा भाग आणि डावा पंख दिसतो. पोट पानांमागे आहे, शेपटी फांदीआड. उजेड मागून असल्यामुळे सगळा पक्षी करडा-तपकिरी दिसतो. मला ती चिमणीची मादी वाटली. पक्षी ओळखणाऱ्या ॲपने एकदा भारीट (इंग्रजीत बंटिंग, चिमणीसारखा दाणे खाणारा पक्षी) सांगितलं, एकदा सुगरण. नक्की कोण?

उत्तर : हा कॉमन रोझफिंच आहे, म्हणजे जाड चोचीचा, चिमणीएवढा एक फिंच पक्षी, आणि तो मादीच्या पिसाऱ्यातला, म्हणजे मादीसारख्या रंगाच्या पिसांचा आहे. शेपटी दिसत नसली तरी खात्रीने सांगता येतं, कारण या पक्ष्याची ओळख मुख्यतः चेहऱ्यावर आहे आणि तो नेमका उघडा मिळाला आहे.

आधी चोच पाहा. ती आखूड, फुगीर आहे आणि तिची वरची कड कपाळापासून टोकापर्यंत गोलाई घेत उतरते. बुडाशी तिची जाडी लांबीच्या जवळपास पोचते. भारीटाची चोच यापेक्षा बारीक असते आणि मिटलेल्या चोचीची रेघ तोंडाच्या कोपऱ्यापाशी खाली मोडते. तसा मोड इथे नाही. सुगरणीची चोचही जाड असते, पण तिची वरची कड बरीच सरळ जाते.

मग डोळ्याच्या वर पाहा. चिमणीच्या मादीला डोळ्यामागून मानेकडे जाणारी फिकट भुवई असते, सुगरणीलाही असते. या पक्ष्याला ती अजिबात नाही. कोऱ्या चेहऱ्यावर मण्यासारखा काळा डोळा उठून दिसतो, आणि हीच रोझफिंचच्या मादीची सगळ्यात भरवशाची खूण. हिमालयात मात्र तिच्या अनेक भाऊबंद जाती भेटतात. त्यांतल्या बऱ्याच माद्यांना भुवई असते, त्यामुळे तिथे हीच खूण दुप्पट कामाची ठरते.

तिसरी खूण छातीची. फोटोतल्या सावल्या थोड्या उजळल्या की कंठावर आणि छातीवर तपकिरी रेघा दिसतात. चिमणीच्या मादीची छाती कोरी असते. काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारीटांच्या माद्यांचीही जवळपास तशीच. सुगरणीच्या एका जातीच्या छातीवर रेघा असतात, पण तिची पिवळसर भुवई लपत नाही.

फोटोत पंखावर दोन फिकट पट्टेही दिसतात, पण त्यांना मी सर्वांत कमी वजन दिलं. मागून उजेड आला की पिसांच्या कडा उजळतात आणि नसलेले पट्टे दिसू लागतात. खरा पट्टा पंखावरच्या आच्छादक पिसांच्या (मोठ्या पिसांची बुडं झाकणाऱ्या लहान पिसांच्या) टोकांवर, सलग ओळीत असतो. रंगावर तर अशा फोटोत विसंबूच नये. पानांतून झिरपणाऱ्या उजेडाने करडा पक्षी हिरवट होतो. तुमच्या ॲपची गडबड बहुधा तिथेच झाली.

प्रश्न : मग ही मादी असं नोंदवू का?

उत्तर : नाही, ‘मादीसारखा पिसारा’ असं नोंदवा. या जातीचा नर पहिल्या वर्षी लाल होत नाही, तो मादीसारखाच तपकिरी असतो. डिसेंबरातला तपकिरी रोझफिंच मादी असेल किंवा कोवळा नर. फोटोवरून हा फरक करता येत नाही, आणि अंदाजाने ‘मादी’ लिहिलं तर नोंद बिघडते.

प्रश्न : पुढच्या वेळी फोटो कसा काढावा आणि पाठवावा?

उत्तर : आकाशाच्या पार्श्वभूमीवर कॅमेरा पक्ष्याला काळवंडून टाकतो. एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) १ ते दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आकाश पांढरंफटक झालं तरी चालेल. एका फोटोवर थांबू नका, पक्षी मान वळवेपर्यंत ८-१० घ्या. बाजूने मिळालेली चोच समोरून मिळालेल्या चोचीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

हललेले, धूसर फोटोही पुसू नका. एखाद्यात शेपटी सापडते आणि रोझफिंचच्या शेपटीच्या टोकाला खाच असते. ती मिटलेल्या शेपटीत, पाठीमागून किंवा खालून पाहावी. शेपटी पसरली की खाच कळत नाही. पिसं झडण्याच्या दिवसांत मधली पिसं गळाली तर इतर पक्ष्यांतही खोटी खाच दिसते.

पाठवताना मूळ फाइल पाठवा. मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि सर्वांत आधी छातीवरच्या बारीक रेघा नाहीशा होतात. नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) कमी करणारं फिल्टरही तेच करतं. शार्पनिंग (कडा ठळक करणं) जास्त झालं तर डोळ्याभोवती नसलेलं पांढरं कडं उमटतं. सावल्या उजळणं आणि कापून मोठं करणं, एवढंच करा, आणि तेही प्रतीवर. सोबत तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पक्षी काय खात होता ते लिहा.