वाचकांचे प्रश्न : जुनी जपानी डावखुरी गिटार

प्रश्न : मी डावखुरा आहे. मला एका नातेवाइकाकडून १९७० च्या दशकातील जपानी बनावटीची डावखुरी इलेक्ट्रिक गिटार मिळाली आहे. तिच्यावरचे नाव पुसले गेले आहे. नेकजवळचा (गळ्याजवळचा) पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारा भाग, वाजत नाही, नेकवरच्या मधल्या फ्रेटांवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खडखडतात आणि व्हॉल्यूमचे बटण बरेच फिरवूनही आवाज कमी होत नाही, मग शेवटी एकदम बंद होतो. सगळे भाग नवे बसवून गिटार पुन्हा रंगवून घ्यावी, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : मानू नये. जुन्या जपानी गिटारचे भाग मुळातच मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि आज सर्रास मिळणारे अमेरिकन मापाचे भाग त्यांच्या भोकांत नीट बसत नाहीत. त्यात गिटार डावखुरी असली, की पिकगार्ड (तारांखालची संरक्षक पट्टी) आणि ट्रेमोलो (सूर थरथरवणारा दांडा) असल्यास तोही आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा लागतो. त्यामुळे उजव्या हाताच्या गिटारबाबत जो भाग ‘बदलून टाका’ म्हणता येते, तो आपल्याला दुरुस्तच करावा लागतो. काढलेला प्रत्येक स्क्रूसुद्धा जपून ठेवावा.

आधी ही गिटार कारखान्यातूनच डावखुरी आली आहे, की कोणी नंतर उलटवली आहे, हे पाहावे. वाजवताना आपल्याकडे येणाऱ्या नेकच्या कडेवर खुणेचे ठिपके मूळचे आहेत का, पट्ट्याच्या खुंटीची जुनी भोके बुजवलेली दिसतात का आणि नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा भरून पुन्हा कोरल्या आहेत का, एवढे पाहिले तरी उलगडा होतो. नाव शोधण्यात मात्र फार वेळ घालवू नये. मात्सुमोतो शहरातील फुजिजेन आणि १९८७ मध्ये बंद झालेला मात्सुमोकू हे कारखाने अनेक वेगवेगळ्या नावांसाठी गिटारी बनवीत, त्यामुळे नावापेक्षा लाकूडकाम आणि पिकअप अधिक सांगून जातात.

व्हॉल्यूमच्या बटणाची आपली तक्रार ही खास डावखुऱ्या गिटारची आहे. बटणाखाली पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रोधक, असतो. आशियाई पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉगरिदमिक (आधी हळू, मग झपाट्याने बदलणारा), ‘बी’ म्हणजे सरळ रेषेतला आणि ‘सी’ म्हणजे उलटा लॉगरिदमिक असा संकेत असतो. डावखुऱ्या वादकासाठी बटण उलट्या दिशेने फिरावे म्हणून नेहमीच्या ‘ए’ पॉटच्या दोन टोकांच्या तारा अदलाबदल करून जोडल्या, की दिशा बदलते, पण चढउताराचा वक्र मात्र तोच राहतो. परिणामी बटण निम्मे फिरवले तरी आवाज जेमतेम उतरतो आणि सारा उतार शेवटच्या थोड्याशा भागात कोंबला जातो. पॉटच्या पाठीवर ‘ए ५००’ असे दिसले आणि जोडणी उलटी आढळली, तर त्याच किमतीचा, म्हणजे ५०० किलो-ओहमचा, ‘सी’ पॉट बसवावा. तो न मिळाल्यास ‘बी’ चालेल. नवा पॉट घेताना दांड्याची जाडी आणि दाते जुळतात का हे तपासावे, अन्यथा मूळची बटणे त्यावर बसणार नाहीत. जुना पॉट फेकू नये.

मुक्या पिकअपला मल्टिमीटर लावावा. काही किलो-ओहम रोध दिसला तर पिकअप शाबूत आहे आणि दोष स्विचमध्ये किंवा सोल्डरच्या जोडात आहे. काहीच वाचन आले नाही तर गुंडाळीची तार तुटली आहे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी, असते आणि बरेचदा बाहेरच्या टोकाशी, सोल्डरजवळच तुटते; तेथे ती सांधता येते. आत तुटली असेल तर त्याच सांगाड्यावर नवी गुंडाळी करून घ्यावी. दुसरा पिकअप बसावा म्हणून लाकूड कोरणे हा मार्ग मला कधीच पटलेला नाही.

खडखडीसाठी प्रथम नेकचा बाक पाहावा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटजवळ ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई, पाव फेरा सैल करावा, पुन्हा सूर लावावा आणि मगच पुढे जावे. पाना मिलिमीटरचाच वापरावा, कारण जवळच्या मापाचा इंची पाना रॉडच्या टोकावरील फिरत्या नटाचे कोपरे झिजवतो. गिटार डावखुरी म्हणून रॉडचे आटे उलटे असतील, अशी शंका अनेकांना येते; ते तसे नसतात. काही जुन्या स्वस्त गिटारींत फिरवता येणारा रॉडच नसतो, नुसती पोलादी पट्टी असते. तेथे नेकखाली पातळ पाचर घालणे किंवा फ्रेट घासून सपाट करणे हे अनुभवी कारागिराचे काम आहे.

रंगाला हात लावू नये. त्या काळातील जाड पॉलिएस्टरचा थर सहजी निघत नाही, आणि खरवडून काढताना लाकडाच्या कडा जातात. ओलसर फडके पुरेसे आहे.

प्रश्न : डावखुरी मिळत नसल्यास उजव्या हाताची जुनी गिटार उलटी करून वाजवावी का?

उत्तर : प्रसिद्ध अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स तेच करीत असत, तेव्हा अडचण अशी नाही. नट मात्र नवा कोरावा लागतो, कारण जाड तार बारीक खाचेत बसत नाही. ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाशी टेकतात त्या भागावर, प्रत्येक तारेची लांबीही नव्याने जुळवावी लागते. ब्रिजचे दोन्ही खांब तिरके रोवलेले असतील, तर तिरकेपणा उलट्या बाजूला पडतो आणि जाड तारांना पुरेशी लांबी मिळेलच असे नाही. म्हणून तारागणिक सुटे सॅडल (तार टेकण्याचा सरकता तुकडा) असलेली गिटार निवडावी, तिच्यात नवे भोक न पाडता हे साधते.