मालकाने मागितली नाही म्हणून होडी ठेवून घेतली, आता भरपाई कोणी द्यायची?

किनाऱ्यावरून येणाऱ्या पत्रांत भाड्याच्या होडीचे भांडण ठरलेलेच असते. अनामत अडकली, मशीन बिघडले, मालकाने जाळी ठेवून घेतली. हंगाम संपला की ही पत्रे सुरू होतात आणि बहुतेकांत एक वाक्य असतेच, "आमचं सगळं तोंडी ठरलं होतं." दापोली तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र त्याच जातीचे आहे. पण त्यांचे नुकसान मोठे आहे आणि वकिलाची नोटीसही येऊन पडली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

हकीकत थोडक्यात अशी. त्यांनी १ नोव्हेंबर २०२४ पासून एक फायबरची छोटी होडी, बाहेरून लावायच्या मशीनसह, महिना आठ हजार रुपये भाड्याने घेतली. जाळी त्यांची, खलाशी त्यांचे. शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला, तीस हजार अनामत दिली. करारात ओळ आहे : "दि. १५ मे २०२५ रोजी होडी व मशीन सुस्थितीत हर्णै बंदरात मालकाच्या ताब्यात द्यावे." १५ मे आला आणि गेला. मासळी बरी लागत होती, मालकानेही होडी मागितली नाही, म्हणून यांनी ती चालू ठेवली. २४ मेच्या वाऱ्यात नांगरावरची होडी सुटली आणि खडकांवर आपटून फुटली. मशीन मिळाले, पण खाऱ्या पाण्याने निकामी झालेले. मालक चार लाख साठ हजार मागतो आहे आणि त्याने पोलिसांत अर्जही दिला आहे. वाचक विचारतात : वादळ ही दैवी आपत्ती, तिला मी कसा जबाबदार? आणि शंभराच्या स्टॅम्पवरचा करार मुळात चालतो का?

स्टॅम्पचे आधी उरकतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कागदांना शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, हे खरे. पण मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही. कमी पडलेले शुल्क आणि दंड भरला की तो कागद पुराव्यात घेतला जातो. हा मुद्दा सोडून द्या. त्यावर वेळ घालवलात तर तुमच्याकडे दुसरे काही नाही, असेच न्यायाधीशांना वाटेल.

आता वादळ. २४ मे २०२५ ला दुपारी अरबी समुद्रातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आले आणि दोनच दिवसांनी मुंबईत मोसमी पाऊस पोचला. हे कोणी नाकारणार नाही, मालकही नाही. पण तुमच्या प्रकरणाचा निकाल २४ मे या तारखेवर लागणार नाही. तो १५ मे या तारखेवर लागेल.

होडी तुमच्या ताब्यात होती आणि माणसे तुमची होती, म्हणून हा भारतीय करार कायद्यातला बेलमेंटचा, म्हणजे वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन काम संपल्यावर परत घेण्याचा, व्यवहार होतो. (होडीबरोबर मालकाचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, असता, तर होडी मालकाच्याच ताब्यात आहे असे म्हणायला मोठी जागा होती. एका दिवसासाठी तांडेलासकट होडी ठरवणाऱ्या हौशी मंडळींनी हा फरक लक्षात ठेवावा.) या कायद्याचे कलम १५२ तुमच्या बाजूचे आहे. वस्तूची योग्य काळजी घेतली असेल आणि वेगळे काही ठरले नसेल, तर ती नष्ट झाली तरी भाड्याने घेणारा जबाबदार नाही. तुमच्या ओळखीच्या ज्या कोणी "वादळ आहे, घाबरू नको" असा धीर दिला, त्याने बहुधा इथवरच वाचले असावे.

पुढची दोन कलमे त्याने वाचली नाहीत. कलम १६० म्हणते की मुदत संपताच वस्तू परत करायची, आणि तीही मालकाने मागणी न करता. कलम १६१ म्हणते की घेणाऱ्याच्या कसुरीमुळे वस्तू वेळेवर परत गेली नाही, तर त्या वेळेपासून तिचे जे काही नुकसान होईल त्याची जबाबदारी त्याची. त्या वेळेपासून पुढे काळजी किती घेतली, वारा किती होता, दोर किती जाड होता, हे विचारात येतच नाही. १५ तारखेनंतर होडी तुमच्या जोखमीवर पाण्यात होती. "मालकाने मागितली नाही" हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा बचाव आहे आणि कायद्याने तो १८७२ सालीच काढून घेतलेला आहे.

म्हणून सगळे एका प्रश्नावर येऊन थांबते : १५ मेची मुदत मालकाने वाढवून दिली होती का?

याच जागी मला तुमचा राग येतो. पत्रात हवामानावर दीड पान आहे. आणि शेवटी, जाता जाता, अर्धी ओळ : "१७ तारखेला मालकाला चार हजार जीपे केले होते." ते कशाचे, हे लिहिलेले नाही. पैसे पाठवताना खाली दोन शब्द टाकायची सोय असते, तीही तुम्ही वापरली नाहीत. या चार हजारांवर तुमचे चार लाख साठ हजार टांगलेले आहेत.

कसे ते पाहा. भाडे महिना आठ हजार, म्हणजे चार हजार हे अर्ध्या महिन्याचे. ते १ ते १५ मेचे असेल, तर तुम्ही फक्त थकलेले भाडे फेडलेत आणि मुदत संपली ती संपलीच. ते १६ ते ३१ मेचे असेल आणि मालकाने समजून-उमजून घेतले असेल, तर त्याने मुदत वाढवून दिली असे म्हणता येते. करार कायद्याचे कलम ६३ ज्याला वचन दिले आहे त्याला मुदत वाढवण्याची मुभा देते, आणि त्यासाठी लेखी कागद लागतोच असे नाही. मात्र तुमच्याच करारात "मुदतवाढ लेखीच हवी" अशी ओळ असेल तर प्रकरण अवघड होते. तुम्ही मला कराराचा एकच परिच्छेद पाठवला आहे. पूर्ण करार वकिलाला दाखवा.

ते चार हजार कुठल्या पंधरवड्याचे, हे तुमच्या बँक खात्यावरूनच बरेचसे कळेल. नोव्हेंबर ते मे असा खातेउतारा काढा आणि मालकाला गेलेल्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा. नोव्हेंबरचे भाडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेले असेल, डिसेंबरचे डिसेंबरच्या सुरुवातीला, तर तुमच्यात आगाऊ भाड्याचा रिवाज होता. मग मेच्या पहिल्या आठवड्यातही चार हजार गेलेले दिसले पाहिजेत. ते दिसले, तर १७ तारखेचे चार हजार पुढच्या पंधरवड्याचे आहेत हे सांगायला तुम्हाला मालकाच्या कबुलीची गरज उरणार नाही. उलट, प्रत्येक महिन्याचे भाडे महिना संपल्यावर गेलेले दिसले, तर १७ मेची रक्कम मागची बाकी ठरते आणि तुमचा हा आधार जातो. काही रोखीत दिले असेल तर ते कधी आणि कोणासमोर, तेही आठवून लिहून ठेवा.

पैसे कशाचे होते हे तुम्हाला ठाऊक आहे. जे असेल तेच वकिलाला सांगा. उत्तर सोयीचे करून लिहिलेत आणि उलटतपासणीत खातेउताऱ्याने वेगळे सांगितले, तर तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

१० ते २४ मेमधले मालकाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप, आवाजी निरोप, फोनच्या नोंदी, सगळे जपा. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, मुलांच्या हाती देऊ नका. मालकाने कुठे "राहू दे अजून आठ दिवस" म्हटले असेल, किंवा तुम्ही "घेऊन जा" म्हटल्यावर त्याने "काठाला जागा नाही, थांब" असे उत्तर दिले असेल, तर त्या एका निरोपाचे मोल मोठे आहे. दुसऱ्या प्रकारात उशीर तुमच्या कसुरीने झालाच नाही असे म्हणता येते, आणि कलम १६१ ला कसूर लागते. असे निरोप न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसते स्क्रीनशॉट छापून आणणाऱ्यांना मी कंटाळलो आहे.

समजा मुदतवाढ सिद्ध झाली. तरी सुटका नाही. फक्त तुम्ही पुन्हा योग्य काळजीच्या, म्हणजे कलम १५१ आणि १५२ च्या अंगणात येता, आणि होडी तुमच्या ताब्यात असल्यामुळे काळजी घेतल्याचे तुम्हालाच दाखवावे लागते. तिथे मालकाचा वकील दोन प्रश्न विचारील. हर्णैचा किनारा उघडा आहे आणि वारा फिरला की तिथले मच्छीमार होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेतात, हे सगळ्या तालुक्याला माहीत. त्या दिवसांत समुद्रात जाऊ नका असे हवामान खात्याचे इशारेही होते. मग तुमची होडी बाहेर नांगरावर का? आणि बाहेरचे मशीन दोन माणसे पकडी सैल करून उतरवतात, खांद्यावर टाकून घरी नेतात. ते रात्रभर होडीवर का राहिले? या प्रश्नांना तुमच्या पत्रात उत्तर नाही. खाडीच्या तोंडावर पाणी कमी होते, किंवा आत जागा नव्हती, असे काही असेल तर सोबतच्या होडीवाल्यांची नावे आत्ताच लिहून काढा. तुमच्या दोन खलाशांपैकी एक नेपाळचा आहे म्हणता. दावा उभा राहून साक्षीपुराव्याला येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात. तोवर तो कुठल्या बंदरात, कुठल्या बोटीवर असेल कोणास ठाऊक. आपल्या दिवाणी न्यायालयांची ही संथ चाल गरिबाचा साक्षीदार आधी संपवते, आणि वकील म्हणून मला याची चीड आहे. त्याचा पत्ता आणि गावचा फोन नंबर आजच घेऊन ठेवा.

नांगराचा दोर मालकानेच दिला होता आणि तो कुजका होता, असेही तुम्ही लिहिता. कलम १५० प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषाबद्दल मालक जबाबदार असतो, दोष त्याला माहीत नसला तरी. पण सहा महिने तोच दोर तुम्ही रोज हाताळलात, मग बदलला का नाही, हे विचारले जाईल. तुटलेला तुकडा जपून ठेवला असेल तर मुद्दा मांडता येईल, नसेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका.

मार्चमध्ये दोनदा पुण्याच्या पाहुण्यांना पैसे घेऊन गळाच्या मासेमारीला नेल्याचे लिहिले आहे. होडी त्या फेऱ्यांत बुडाली नाही, म्हणून या दाव्यात त्याने फार फरक पडू नये. पण मासेमारीच्या परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्याला सागरी मंडळाची वेगळी परवानगी लागते. त्या दिवशी कोणी पाण्यात पडले असते, तर आज आपण होडीच्या किमतीबद्दल बोलत नसतो. पुन्हा करू नका.

पोलिसांच्या अर्जाला घाबरून पैसे देऊ नका. फौजदारी विश्वासघाताला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ ला, अप्रामाणिक हेतू लागतो. वादळात फुटलेली होडी विकून खाल्ली असे कोणी म्हणत नाही. बोलावले तर जा, लेखी जबाब द्या, पोच घ्या. भरपाई वसूल करणे हे पोलिसांचे काम नाही.

खातेउतारा तुमच्या विरुद्ध गेला, तर लढा रकमेचा करा. मालक नव्या होडीची आणि नव्या मशीनची किंमत मागतो आहे, पण त्याला मिळू शकते ती फुटलेल्या, वापरलेल्या होडीची त्या दिवशीची किंमत. त्यातून निकामी मशीनचे आणि फायबरच्या अवशेषांचे जे येईल ते वजा, तुमची तीस हजार अनामत वजा. होडीचे नोंदणीपत्र, खरेदीची पावती आणि विम्याची पॉलिसी यांच्या प्रती नोटिशीच्या उत्तरात मागा. विमा कंपनीने त्याला पैसे दिले असतील तर तेच नुकसान तो तुमच्याकडून पुन्हा घेऊ शकत नाही. मात्र तेवढ्यापुरती कंपनी तुमच्या मागे येऊ शकते, म्हणून तडजोड करण्याआधी हे कळलेच पाहिजे. तलाठी किंवा मत्स्यव्यवसाय खात्याने पंचनामा केला असेल तर त्याची प्रत माहिती अधिकारात मिळवा. त्यात नुकसानीचा आकडा असतो आणि तो बहुधा मालकाच्या नोटिशीतल्या आकड्यापेक्षा कमी निघतो. पुढच्या हंगामाचे बुडालेले भाडेही त्याने मागितले आहे. त्यातले न्यायालय किती मान्य करील, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

नोटीस येऊन महिना झाला आणि तुम्ही उत्तर दिलेले नाही, हे वाचून मी थक्क झालो. नोटिशीतले पंधरा दिवस उलटले म्हणून हक्क जात नाही, पण गप्प राहिलात तर उद्या "तेव्हा मुदतवाढीबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आता कुठून आठवली?" असे विचारले जाईल. मालकाला दावा लावायला २०२८ च्या मेपर्यंत वेळ आहे. तो थांबू शकतो, तुम्ही नाही. आधी खातेउतारा काढा, तो घेऊन दापोलीतल्या वकिलाकडे जा, आणि १७ मेच्या रकमेचा स्पष्ट उल्लेख असलेले उत्तर याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच उत्तरात तालुका विधी सेवा समितीपुढे दावापूर्व तडजोडीची तयारी दाखवा. लोकअदालतीत ठरलेली रक्कम हुकूमनाम्यासारखीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते, त्यामुळे तिथे सही करण्यापूर्वी हप्ते किती, पहिला हप्ता कधी आणि पोलिसांतला अर्ज मालक कोणत्या तारखेला मागे घेणार, हे तिन्ही कागदावर आले आहे का ते स्वतः वाचून बघा.