प्राचीन गॉल लोकांचे मूळ देव-देवी कोणते होते?

रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो की गॉल लोक (आजच्या फ्रान्सच्या भागात राहणारे) सगळ्यात जास्त मर्क्युरीला, म्हणजे रोमन लोकांच्या व्यापाराच्या देवाला, मानायचे, पण त्याने त्यांच्या देवांना सरळ रोमन नावं चिकटवलीत, त्यामुळे मूळ नावं हवी तर दगडावरच बघावी लागतात. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७११ मध्ये एका खांबाचे तुकडे सापडले, रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात नावाड्यांनी उभारलेला, त्यावर सेर्नुनोस देव आहे, डोक्यावर शिंगं आणि प्रत्येक शिंगात एक कडं अडकवलेलं, एका बाजूला झाड तोडणारा एसुस, आणि एक बैल ज्याच्या पाठीवर दोन आणि डोक्यावर एक क्रौंच पक्षी बसलाय (हा आपला फेव्हरेट!). देवींमध्ये एपोना भारी, घोड्यांची देवी, हिला तर रोमन घोडदळानेच डोक्यावर घेतलं, रोमन कॅलेंडरमध्ये १८ डिसेंबरला तिचा सण असायचा. तारानिस म्हणजे गडगडाटाचा देव, हातात चाक असलेल्या मूर्ती त्याच्याच मानतात.