‘सोडव’नंतर एक श्वास

प्रिय लेकी,

प्रभूच्या नावाने सलाम.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या पंथांच्या तरुणांचं शिबिर घ्यायचं ठरलं आणि संयोजन तुझ्याकडे आलं, हे कळून फार आनंद झाला. साठ जण, पाच रात्री. शिबिरामागची भूमिका पत्रकात कशी लिहावी, असं तू विचारलंस. योहानाच्या सतराव्या अध्यायातलं एकविसावं वचन तिथे लिही. आपल्या माणसांनी एक व्हावं, म्हणजे जगाचा विश्वास बसेल, ही प्रभूची मागणी त्यात आहे. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या मूळ बोधचिन्हातही हेच वचन आहे. पण पत्रक कोणी जपून ठेवत नाही. भूमिका लोकांना कळते ती प्रार्थनेला उभं राहताना, ताटावर बसताना आणि रविवारी सकाळी. म्हणून या पत्रात त्याच जागांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिल्याच संध्याकाळी काय होईल ते सांगून ठेवतो. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतील. शब्द थोडे इकडेतिकडे होतील, तेवढं चालतं. मग ‘वाइटापासून सोडव’ येईल आणि वसईकडची कॅथलिक मुलं तिथेच थांबतील. बाकीची ‘कारण राज्य, पराक्रम आणि गौरव’ म्हणत पुढे जातील. कोणीतरी आधीच ‘आमेन’ म्हणून मोकळं होईल, दोघीतिघी एकमेकींकडे बघतील, आणि शेवटचं वाक्य निम्म्या आवाजात कसंबसं संपेल. थांबलेल्यांना वाटतं आपण चुकलो, पुढे गेलेल्यांना वाटतं आपण दामटलं. पहिल्या रात्रीची ही अढी पुढे दोन दिवस जात नाही.

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, ‘सोडव’नंतर फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर लोक हेच राज्य-पराक्रम-गौरवाचं वाक्य म्हणतात. म्हणजे वाक्य त्यांच्याही ओळखीचं आहे, फक्त त्याच्या आधी जागा आहे. ती जागा शिबिरात सगळ्यांनी ठेवायची. ‘सोडव’ झालं की एक पूर्ण श्वास थांबायचं, मग सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. दुपारी नावनोंदणीनंतर पाच मिनिटं सराव घे आणि का थांबायचं तेही सांग. कारण न सांगता नुसती सूचना दिलीस तर ती कवायत होते. विश्वासांगीकाराचंही, म्हणजे आपला विश्वास सांगणाऱ्या ठरलेल्या मजकुराचंही, असंच आहे. त्यातला नायसीन मतांगीकार घेणार असाल तर पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो, यातले ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द ऑर्थोडॉक्स म्हणत नाहीत. 381 सालच्या मूळ मजकुरात ते नव्हतेच. छापील कागदावर मूळ मजकूर दे आणि तळाशी एका ओळीत कारण लिही.

मुलं विचारतील, की एकच प्रभू आहे तर इतके पंथ कशाला? याचं एक उत्तर शिकवणुकीत आहे, दुसरं नकाशात. प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत चढाओढ नको म्हणून कामाचे प्रदेश वाटून घेतले होते. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, बाजूला 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं. ते काँग्रिगेशनल. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नाशिककडे अँग्लिकनांचं चर्च मिशनरी सोसायटीचं काम, बुलढाण्याकडे नाझरीन. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक. पुष्कळ घरांचा पंथ पणजोबांनी तुलना करून निवडलेला नाही. त्यांच्या गावाला जो पाळक पोचला, त्याचाच पंथ त्या घराचा झाला. पहिल्या रात्री महाराष्ट्राचा तीन-चार फुटी नकाशा भिंतीवर लाव, प्रत्येकाला एक चिठ्ठी दे, आणि आजी-आजोबांचं गाव व तिथली पहिली मंडळी (चर्च) लिहून ती नकाशावर चिकटवायला सांग. पाऊण तास लागतो. केरळी कुटुंबातली मार्थोमा आणि ऑर्थोडॉक्स मुलं असतील, त्यांच्यासाठी शेजारी कोरा कागद हवा, नाहीतर त्यांची गावं नकाशाबाहेर आणि ती बिचारी कोपऱ्यात. या खेळात आडनाव लिहायचं नाही. आपल्याकडे ‘कुठल्या मंडळीचा?’ या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा ‘कुठल्या जातीचा?’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो ज्याला विचारला जातो त्याला लगेच कळतो. गटप्रमुखांना हे आधी बसवून सांग.

ऐक्य हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर नागपूरचं नाव घे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे सहा वेगवेगळ्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून आजही ते वेगळे दिसतात. त्याच्याही आधी, 1917 मध्ये, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना.

आता मेजाकडे येतो. प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीचा, प्रश्न तुला सगळ्यात जास्त छळणार आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या इतर पंथीयांबरोबर प्रभुभोजन एकत्र घेत नाहीत. सीएनआयसारख्या मंडळ्यांचं मेज इतर मंडळ्यांच्या सभासदांना सहसा खुलं असतं. साल्व्हेशन आर्मीत पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. त्यामुळे ‘प्रभुभोजन जमत नाही तर निदान बाप्तिस्म्याची आठवण एकत्र करू’ ही पळवाटही सगळ्यांना घेऊन जात नाही. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड शहरात भरलेल्या परिषदेने मंडळ्यांपुढे एक कसोटी ठेवली. जिथे श्रद्धेतला खोल भेद वेगळं व्हायला भाग पाडतो तेवढंच वेगळं करावं, बाकी सगळं एकत्र करावं. शिबिराचा प्रत्येक तास या कसोटीवर घासून बघ. प्रभुभोजन वेगळं, हे मान्य. भांडी घासणं वेगळं का? आजाऱ्यांसाठी प्रार्थना वेगळी का?

पुष्कळ संयोजक रविवार टाळतात. सोमवारी सुरू, शनिवारी बंद, म्हणजे प्रश्नच मिटला. आमचं मत स्पष्ट आहे. रविवार शिबिरातच यायला हवा. बुधवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी संपव. रविवारी सकाळी साडेसहाला सगळे एकत्र प्रार्थना करतील, मग आपापल्या उपासनेला जवळच्या मंडळ्यांत जातील आणि साडेदहापर्यंत परततील. दुसऱ्या पंथाच्या उपासनेला कोणाला सोबत जायचं असेल तर जाऊ दे, पण भाकर आणि प्याला कोणी घ्यायचा, कोणी बसून राहायचं, हे त्या फादरना किंवा पाळकसाहेबांना आठवडाभर आधी विचारून मुलांना सांगितलेलं असावं. रांगेत उभं राहिल्यावर हात मागे घ्यावा लागला तर तो अपमान मुलं विसरत नाहीत. निघताना फाटकापाशी वाटा वेगळ्या होतात तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पुसायची घाई करू नकोस. ऐक्य अजून अपुरं आहे, हे त्या फाटकापाशी जितकं समजतं तितकं कुठल्या व्याख्यानात समजत नाही.

त्या दिवशी दुपारचं जेवण एका पंगतीत, सगळे जमिनीवर. पिठलं-भाकरी ठेव. पाव आणि द्राक्षरस चुकूनही ठेवू नकोस आणि या जेवणाला ‘प्रीतिभोजन’ वगैरे नाव देऊ नकोस. पाव मोडला आणि कोणी भावनेच्या भरात प्रभूचे शब्द उच्चारले, की निम्म्या मुलांना वाटतं प्रभुभोजन झालं. ती घरी जाऊन सांगतात, आणि पुढच्या वर्षी दोन मंडळ्या मुलं पाठवत नाहीत.

संध्याकाळी पाय धुण्याची उपासना घे, योहान तेरा. कॅथलिकांना आणि ऑर्थोडॉक्सांना ती पवित्र गुरुवारमुळे माहीत आहे, ब्रदरेन परंपरेत ती प्रीतिभोजनाचा भागच आहे, आणि इतरांच्या शिकवणुकीला ती अडत नाही. प्रत्येकी अर्धा लिटर धर, म्हणजे साठ जणांना तीस लिटर कोमट पाणी. सहा पराती, सहा तांबे, साठ सुती पंचे, वापरलेलं पाणी ओतायला दोन बादल्या. मुली मुलींचे, मुलगे मुलग्यांचे पाय धुतील. जोड्या चिठ्ठ्या टाकून लाव, कारण मनाने जोड्या लावल्या तर मैत्रिणी मैत्रिणीच बसतात. पायाला जखम असेल, संकोच वाटत असेल, तर हात धुवावेत. बोलणं अजिबात नको. परातीत पाणी पडल्याचा आवाज, भेगाळलेली टाच, ती धरलेले दोन तळवे, इतकं पुरतं. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, त्यांचे पाय इथे कोणीतरी गुडघ्यावर बसून धुतं. त्यावर प्रवचनाची गरज नाही.

स्वयंपाकाचं थोडक्यात. ऑर्थोडॉक्स परंपरेत बुधवार-शुक्रवारी उपास, कॅथलिकांत शुक्रवारी मांस टाळण्याची परंपरा, शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट डुकराचं मांस खात नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी सगळ्यांनाच शाकाहारी जेवण ठेव, वेगळी ताटं नकोत. डुकराचं मांस पाचही दिवस नको. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम डाळ धर, म्हणजे एका वेळेला सहा किलो तांदूळ आणि अडीच किलोच्या आत डाळ. न्याहारीला पोहे साडेचार किलो. ॲडव्हेंटिस्ट मुलं असतील तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत श्रमदान आणि सामने ठेवू नकोस.

बायबल अभ्यासाचे गट आठ-आठांचे कर, एका गटात एका मंडळीचे दोघांहून जास्त नकोत. साठ जणांचे चार गट आठांचे आणि चार सातांचे होतील. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या बायबलात 66, म्हणून उतारे दोन्हींत असलेल्या पुस्तकांतलेच निवड. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून. मग घड्याळ लावून तीन मिनिटं शांतता. मग एकच प्रश्न. प्रत्येकजण एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. हा नियम सैल सोडलास तर पाळकांची मुलंच बोलत राहतात, कारण त्यांना वचनं पाठ असतात. भजनं रोज एका परंपरेची, पेटी-ढोलकीवर. साठ जणांना माइक लागत नाही, आणि माइक आला की गाणारे चार आणि ऐकणारे छप्पन्न होतात.

वक्त्यांना अटी लेखी कळव. वीस मिनिटं. दुसऱ्या मंडळीवर टीका नाही. निर्णय घ्यायला सभेत पुढे येण्याचं आवाहन नाही. आणि ज्यांचा बाळपणी बाप्तिस्मा झाला आहे त्यांना ‘खरा बाप्तिस्मा घ्या’ असं सांगणं तर मुळीच नाही. रात्रीच्या सभेत गाणं चढलेलं असतं, मुलं थकलेली असतात, आणि त्या तासात उठलेला हात सकाळी त्यालाच समजत नाही. याला आपल्याकडे मेंढरं पळवणं म्हणतात. ज्या मंडळीने विश्वासाने मुलगा पाठवला तिला तो तसाच, जमल्यास तिच्यावर जास्त प्रेम करणारा होऊन परत मिळावा. ख्रिस्ती नसलेली मैत्रीण कोणाबरोबर आली तर तिचं स्वागत कर, रोज तीनदा प्रार्थना असते हे तिला आधी सांग, आणि साक्ष द्यायला तिला उभं करू नकोस.

अठरा वर्षांखालील कोणी असेल तर पालकांचं संमतिपत्र हवं. कोणत्याही खोलीत एक मोठा आणि एक लहान असे एकटे नकोत. लैंगिक छळाची तक्रार आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू म्हणून ती आत मिटवायची नाही. ‘मिटवून टाका’ म्हणून सांगणारा कुठल्याही पंथाचा, कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्याचं ऐकू नकोस.

हे सगळं जमायला तीन महिने आधी घरोघर नाही, मंडळी-मंडळीत जावं लागेल. फोनवर हो म्हणणारे ऐनवेळी गळतात. पाळकसाहेबांकडे जाताना सोबत एक कॅथलिक तरुण ने, फादरकडे जाताना दुसरी कोणी प्रोटेस्टंट मुलगी सोबत असू दे, ऑर्थोडॉक्स अच्चनांकडेही (त्यांच्या धर्मगुरूंकडेही) तसंच. हातात तारखा, रविवारचं वेळापत्रक आणि वक्त्यांना पाठवायच्या अटींचा कागद असावा, कारण पहिला प्रश्न प्रभुभोजनाचा येईल आणि दुसरा बाप्तिस्म्याचा. उत्तर तू देऊ नकोस. सोबत आलेल्या दुसऱ्या पंथाच्या सोबत्याला देऊ दे.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारे,
शिबिराच्या कामातले तुझे वडीलधारे