वेबर-फेख्नर येत असताना थर्स्टनचं मॉडेल कशाला शिकायचं?

तुमचा प्रश्न असा की सेन्सरी टेस्टिंगला (म्हणजे माणसांना चाखायला देऊन चव-वास तपासायला) वेबरचा नियम पुरतो, मग थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या मॉडेलची भानगड कशाला; आणि जाता जाता, फेख्नर बरोबर की स्टीव्हन्स. पुरत नाही. वेबर सांगतो की मूळच्या किती टक्के बदल झाला की फरक जाणवतो. पण 'जाणवतो' म्हणजे काय, हे विचारलंत की तो गप्प.

यावर मी नोकरीत भांडलोय, त्यामुळे उत्तर लांबेल.

एका पेयातली साखर कमी करायची होती. ट्रायँगल टेस्ट लावली: तीन कप, दोन जुन्या साखरेचे, एक कमी साखरेचा, वेगळा कोणता ते ओळखा. 30 जणांत 13 जणांनी बरोबर ओळखला. पाच टक्क्यांच्या पातळीला, म्हणजे हा निव्वळ अंदाजाचा खेळ नाही असं म्हणायला, 15 लागतात. साहेब म्हणाले, फरक नाही, पुढे चला.

पॅनलवर एक बाई होत्या, बरीच वर्षं चाखणाऱ्या. त्यांनी तिन्ही कप दोनदा फिरवून घेतले, पाणी प्यायल्या, पुन्हा पहिल्या कपाशी आल्या आणि वैतागून म्हणाल्या, "हे तिन्ही वेगळे आहेत हो." फॉर्मवर तसा रकाना नसतो. त्यांनी एकावर खूण केली, ती चुकली. साहेब हसले. मला मात्र तेव्हाच थर्स्टन आठवला.

1927 साली त्याने मांडलं ते हेच: एकच नमुना दोनदा दिला तरी संवेदना दोन्ही वेळा एकाच जागी पडत नाही, विखुरते. दोन नमुन्यांच्या सरासऱ्यांमधलं अंतर त्या विखुरण्याच्या प्रमाणित विचलनात मोजलं की झाला डी-प्राइम (हे नाव नंतरचं). ट्रायँगलमध्ये माणूस तीन अंतरं तोलतो, आणि सारखे दोन कप एकमेकांपासून लांब पडले की बिचारा फसतो. तेच तीन कप देऊन "सगळ्यात कमी गोड कोणता?" असं विचारलं तर फक्त टोकाचा कप उचलायचा असतो. डोळे मिटून उत्तर दिलं तर दोन्हीकडे शक्यता एक तृतीयांशच. पण डी-प्राइम 1 असताना ट्रायँगलमध्ये सुमारे 42 टक्के उत्तरं बरोबर येतात आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे 63 टक्के. ट्रायँगलमध्ये नापास होणारी माणसं दुसरीकडे पास कशी होतात, या कोड्याचा उलगडा फ्रायटर्स या संशोधकाने 1979 सालीच थर्स्टनच्या मॉडेलने केला होता. आमच्या साहेबांपर्यंत तो पोचायचा होता.

मी हट्टाने त्याच 30 जणांना दुसरा प्रश्न विचारला. 19 बरोबर. बाईंचंही बरोबर. साहेब म्हणाले, "तुम्ही त्यांना हिंट दिलीत." पेय बदललं, काही आठवड्यांनी 'पूर्वीसारखं गोड लागत नाही' अशा तक्रारी आल्या, आणि त्यावर मीटिंगमध्ये कोणी अवाक्षर काढलं नाही.

संवेदना लॉगने वाढते (फेख्नर) की घातांकाने (स्टीव्हन्स), हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो वाद वेगळा. तिथे संवेदना केवढी ते मोजायचंय, इथे दोन संवेदना वेगळ्या ओळखू येतात का ते. तुमच्या कामाला दुसरं लागतं.

हां, साहेबांच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. नुसत्या 13 वरून डी-प्राइम काढला तर त्या अंदाजाची खालची मर्यादा शून्यालाही शिवते, म्हणजे पहिल्या टेस्टवर मीही छातीठोक काही म्हणू शकलो नसतो. आणि दुसरी पद्धत चालते ती काय बदललंय हे आधी ठाऊक असेल तरच. गोडीसोबत वास, घट्टपणाही बदलला असेल तर "कमी गोड कोणता" विचारून भलतंच हाती लागेल. तिथे ट्रायँगल किंवा टेट्रॅड (चार कप, दोन-दोन सारखे, जोड्या लावा) घ्या, माणसं जास्त घ्या.

आणि निकाल आला की 'फरक नाही' असं लिहू नका, 'या टेस्टमध्ये फरक आढळला नाही' असं लिहा. साहेब पहिलंच वाक्य मागतील. मी ते लिहून दिलं होतं, त्या अहवालावर सही माझी आहे.