दर रविवारी तेल घालूनही गाडीची चेन करकरते, काय चुकतंय?

तुमचं म्हणणं असं की गाडी १५० सीसी, रोज राऊ ते विजयनगर जाणं-येणं, दर रविवारी चेनवर कुप्पीने इंजिन ऑइल सोडता आणि तरी बुधवार उजाडला की करकर सुरू. मीही इंदूरचाच, हेच सगळं करून बसलोय.

तुमचं तेल कमी पडत नाहीये. ते घाणीवर पडतंय. चेनवरचा तो काळा चिकटा जरा चिमटीत घ्या आणि बोटं एकमेकांवर चोळा. कचकच लागते ना? ती आपल्या माळव्याची काळी माती, तेलात कालवलेली. वर नवं तेल ओतलं की ती सैल होऊन आणखी आत शिरते, आणि चेनच्या कड्यांमधले रोलर नि स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दात दोन्ही घासत राहते. माझ्या आधीच्या गाडीला एक मेकॅनिक प्रत्येक सर्व्हिसला डब्यातलं जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं जुनं तेल) फासून द्यायचा, वर "फ्री में है भिया". फुकटच्या त्या तेलाने ९,००० किलोमीटरात मागच्या स्प्रॉकेटचे दात विळ्याच्या टोकासारखे वाकवले. चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, अख्खा सेट बदलावा लागला. नुसती चेन बदलून भागत नाही, झिजलेले दात नव्या चेनलाही खाऊन टाकतात.

आधी चेन कुठली आहे ते बघा. कडीच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीत बारीक काळी रबरी रिंग दिसली तर ती ओ-रिंगवाली. तिच्या पिनांमधलं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं, रिंगा ते धरून ठेवतात. म्हणून पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, रबर खराब होतं. तारेचा ब्रशही नको. रिंग दिसली नाही तर साधी चेन. तिच्यात तेल पिनांपर्यंत पोचावं लागतं, म्हणून तिला जरा वरचेवर लागतं.

साफ करायला घासलेट सगळ्यात बरं. हल्ली ते सहज मिळत नाही, तर पंपावरून बाटलीभर डिझेल आणा, काम तेच होतं. गाडी डबल स्टँडवर, गियर न्यूट्रल, आणि इंजिन बंद. हे बंद म्हणजे बंदच. पहिल्या गियरला टाकून चाक आपोआप फिरवत फडकं धरणारे मी रोज बघतो. एकदा मीही तेच केलं. चेनने फडकं ओढलं, त्याच्यामागे बोट, आणि नख अगदी स्प्रॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबलं. नशीब चिंधी जुनी होती, फाटली. चाक हातानेच फिरवायचं, आणि हात स्प्रॉकेटपासून लांब, चेनच्या मधल्या भागावर.

जुना टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून चारही बाजू घासा: वर, खाली, आत, बाहेर. आतली बाजू लोक हमखास सोडतात, आणि स्प्रॉकेटवर बसते ती तीच. जमलं तर पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर वर्षातून एकदा तरी खोला, आत ओला भुसा भरल्यासारखा गोळा सापडेल. मग जुन्या बनियनने पुसा, चिंधी काळी होणं थांबेपर्यंत. आणि थोडा वेळ वाळू द्या. ओल्या डिझेलवर तेल टिकत नाही, उडून जातं.

तेलासाठी ९० नंबरचं गियर ऑइल किंवा चेन लूबचा स्प्रे. स्प्रे महाग पडतो, पण कमी उडतो. इंजिन ऑइल पातळ, ते चाकाच्या रिमवर आणि तुमच्या पँटवर जास्त जातं. टाकायचं खालून जाणाऱ्या चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला सरकत सगळीकडे पोचतं. थेंब-थेंब, दोन फेऱ्या. वरून दिसणारं जादा पुसून टाका, धूळ धरतं तेच. रात्री गाडी लावताना करा, चेन कोमट असते आणि सकाळपर्यंत तेल मुरतं. सकाळी निघायच्या घाईत टाकलेलं अर्धं राऊच्या रस्त्यावर सांडतं.

तुमच्या हिशोबाने दर ५०० किलोमीटरला, म्हणजे दोन आठवड्यांनी पुरे. पावसात भिजली की मात्र त्याच दिवशी पुसून तेल. जाम घाटातून महेश्वरला जाऊन आलात तर आल्यावर एकदा.

इतकं करूनही करकर राहिली तर चाक हळूहळू फिरवून बघा. कुठली कडी वाकून तशीच ताठ राहतेय का? तिथेच दोन थेंब सोडून हाताने वाकवत राहा, सुटते बहुतेक. मग ढील. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलायला हवी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर असतो. घट्ट चेन जास्त वाईट, ती बेअरिंग मारते. आणि मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन ओढून पाहा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर तेलाचा प्रश्नच नाही, सेट गेला. चेन खोलून बसवली असेल तर लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर वाटेत निघून पडते.

उरलेलं काळं डिझेल नालीत ओतू नका. २०१७ पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या गावात ते शोभतही नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवा, चिठ्ठी मात्र लावा बरणीवर. आठवडाभरात गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी पहिल्या हाताला चालतं.