वडील गेल्यापासून झोप लागत नाही. अशात निद्रानाश आणि घरातल्या मृत्यूवरचीच काळोखी कादंबरी वाचू का?

वाचा, बिनधास्त वाचा. "अशा वेळी हलकंफुलकं वाच" म्हणणारे स्वतः रात्री ढाराढूर झोपतात, त्यांचं ऐकू नका.

आमची केळी आहे, जळगाव जिल्ह्यात. शेतीची लाईट कधी दिवसाची कधी रात्रीची, त्यामुळे आप्पा आयुष्यभर अर्ध्या रात्री मोटर चालू करायला मळ्यात जायचे. ते गेले तरी लाईट यायच्या टायमाला आईचे आणि माझे डोळे टक्क उघडे. तेव्हा मी अशीच एक कादंबरी घेऊन बसायचो, पोरगी गेलेलं घर, बाप झोपेवाचून रात्रभर गावाबाहेर हिंडतोय, बाकी नुसता अंधार आणि पाऊस. आईने विचारलं काय वाचतो, मी सांगितलं. ती म्हणे, "एवढ्या रात्री जातो तर बॅटरी न्यावी ना त्याने, जनावर असतं." मग रोज विचारायची, आज नेली का बॅटरी.

आणि आमचे जिभाऊ, चुलतभाऊ, सगळ्यांसमोर बोलले की सुतक फिटलं नाही अन् हे असलं काय वाचतो, घरात निगेटिव्ह येतं. अहो, त्याच वेळी ओसरीवर गरुडपुराण चालू होतं! रक्तापुवाची वैतरणी, यमदूत, उकळतं तेल, मधेच चहाचा राउंड. ते चालतं. कादंबरीतल्या बापाला कोणी तेलात टाकलं नव्हतं, त्याला फक्त झोप येत नव्हती. आणि हे काही बाहेरचं फॅड पण नाही, भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ च्या 'कोसला' कादंबरीत नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, ती पानं काढून बघा, नेमाडे आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे.

झोपेचं म्हणाल तर वाचून ती येणार नाही, पण तशीही कुठे येतेय. फक्त मोबाईलवर नको, कागदाचं पुस्तक घ्या, आणि गादीवर लोळत नाही, खुर्चीत बसून. हां, आणि महिनोन्महिने असंच चाललंय, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतंय असं असेल तर आधी डॉक्टर, कादंबरी नंतर.

घरातलं कोणी टोकलंच तर गरुडपुराण पूर्ण ऐकलंय का एवढं विचारा. आमचे जिभाऊ वैतरणी यायच्या आधीच तंबाखू मळत बाहेर गेले होते.